खिडकीपासची खुर्ची

माझ्या हाताचा फोटो चौतीस हजार लोकांनी पाहिला आहे.
कोपराच्या आतल्या अंगाला फुगलेली शीर,
तिच्यावर शेजारी शेजारी दोन टोचे,
आणि खाली माझी एक ओळ :
आम्ही असे जगतो.

मातोझिन्योशच्या क्लिनिकात पहाटेची पाळी,
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
अकरा खुर्च्या. खिडकीपासची माझी,
कारण तिथेच रेंज मिळते.

डावीकडे फिर्मिनू. एकेचाळीस वर्षं सार्डिनच्या बोटीवर.
त्याच्या फोनला बटणं आहेत, आत तीन नंबर,
त्यातला एक आता कुणी उचलत नाही.
उजवीकडे देओलिंदा, डबाबंद मासळीच्या कारखान्यातली,
चार तास घोंगडीखाली डोळे मिटून.
झोपलेली नसते.
बोललं की रक्तदाब चढतो, असं तिला कुणीतरी सांगून ठेवलंय.
पलीकडे झुल्मीरा, केप व्हर्दची,
सुई निघाली की थेट बँकेच्या फरशा पुसायला.

लिस्बनहून पत्र आलं,
रुग्णांचा आवाज म्हणून तुम्ही यावं.
गेले. लांब बाह्यांचा निळा कोट घातला
आणि खोलीत शिरताना डावी बाही वर सारली.
प्रत्येकापुढे अर्ध्या लिटरची बाटली होती,
माझं जवळजवळ दिवसभराचं पाणी.
मी म्हणाले, आम्हाला यंत्र घरी हवं आहे.
रात्री झोपेत रक्त धुतलं जावं,
आमचे दिवस आम्हाला परत मिळावेत.
टाळ्या पडल्या.
समोरच्या बाईंनी कागदावर कशाखाली तरी दोनदा रेघ ओढली.

बुधवारी फिर्मिनूला सांगितलं. वाटलं, खूश होईल.
"घरी?" तो म्हणाला. "माझ्या घरी कोण आहे?
इथे ती नर्स माझी ओली टोपी रेडिएटरवर ठेवते.
काल काय जेवलास विचारते,
आणि मी थाप मारली तर ओळखते.
पोरी, तू माझं क्लिनिक देऊन आलीस की काय?"

लाज वाटली.
मग रागही आला, तेही लिहायला हवं,
कारण आकडे गोळा करत मी जागले होते,
बाही मी वर सारली होती,
आणि हा नुसता टोपी वाळत घालून बसला होता.

तरी वही काढली. एका हाताने लिहीत विचारत सुटले.
देओलिंदाने एक डोळा उघडला :
"थंडीचं सांगितलंस त्यांना?
परत येतं ते रक्त गार असतं."
नव्हतं सांगितलं. मला थंडी वाजत नाही.

फिर्मिनूची एकच मागणी,
परतीची गाडी बंदरावरून न्यावी,
दोन मिनिटं का होईना, बोटी दिसतात.
झुल्मीरा उसळली : "बंदरावरून?
सरळ रस्त्याने न्या म्हणावं, माझी हजेरी दहाला लागते!"
गाडी एक, माणसं तीन, आणि रस्त्यावर एकमत नाही.
मी फोनवर विचारलं असतं
तर सहाशे जणांनी बंदराला अंगठा दिला असता,
सहाशेच्या सहाशे
त्या गाडीत कधीच न बसणारे.

रात्री चौतीस हजारांपैकी एकीचा निरोप आला,
ब्रागान्साच्या पुढच्या कुठल्याशा खेड्यातून :
तुझा हात पाहिला म्हणून मी माझा झाकायचा सोडला.
म्हणजे तेही खोटं नव्हतं.
मी तो निरोप तीनदा वाचला, फोन उशीखाली ठेवला,
पुन्हा काढला.

लिस्बनला कळवलं : येईन,
पण मी एका खुर्चीची आहे.
बाकीच्या दहांपैकी तिघांचं वहीत आहे, ते जुळत नाही.
सातजणांना अजून विचारलेलं नाही.
उत्तर आलं :
कृपया एका वाक्यात कळवा.

शुक्रवारी ते मोठ्याने वाचून दाखवलं.
यंत्रं घरघरत होती. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग फिर्मिनू म्हणाला,
"लिही, इथे टोपी वाळते."

घोंगडीतून देओलिंदाचा आवाज आला,
"माझ्याकडे टोपीच नाही."