रिकामा कॅन

इगोलोच्या रस्त्यावर, सीमेच्या अलीकडे,
उएफा मावशीचं लाकडी टेबल.
वर दारूच्या जुन्या बाटल्या ओळीनं,
आत नायजेरियातून मोटरसायकलवर आलेलं पेट्रोल,
सकाळच्या उन्हात कोऱ्या चहासारखं.
एका परक्या प्रवाशानं विचारलं होतं,
मध कसा दिला?

मी चौदाची. पहिल्याच दिवशी तिनं बूच काढलं
आणि मानगूट धरून माझं नाक जमिनीला लावलं.
"वर नाही, इथे हुंग.
याची वाफ आभाळात जात नाही, हवेहून जड असते.
सरपटते. पायरी उतरते, गटारातून चालते,
कुणाच्या तरी चुलीला गाठते
आणि आल्या वाटेनं घरी परतते.
येताना एकटी नसते."

म्हणून मासे तळणारी अदुके चाळीस पावलं लांब बसायची.
वारा फिरला की न बोलता चुलीवर वाळू टाकायची.
पाणी नाही, वाळू.
पाण्यावर हे तरंगतं, आणि जाळ पोहायला शिकतो.

बाकीचं काम करता करता कळलं.
कॅन गळ्यापर्यंत भरायचा नाही,
उन्हात ते फुगतं, त्याला श्वासापुरती जागा हवी.
भरताना कॅन जमिनीवर, सीटवर कधीच नाही.
हरमाटनचे कोरडे वारे सुटले
की आधी लोखंडाला हात लाव,
अंगातली ठिणगी तिथेच सोडून ये.
नळी तोंडानं ओढायची नाही. (तिचा भाऊ ओढायचा.
त्याचा खोकला मी अजून ऐकते.)
नाकावर भरवसा नको, तासाभरात ते फितूर होतं.

पिवळ्या शर्टातले झेमिजानवाले लिटर-लिटर घेत.
एकजण म्हणाला, इंजिन आतून टकटक करतंय.
मावशी कान लावून म्हणाली,
"हलकं पेट्रोल कुठून घेतलंस? वेळेआधी पेटतंय.
माझं नाही ते."
माझंही असू शकेल, असं तिनं नंतर मला सांगितलं.

त्या रात्री वीज गेली. छोटा सेजरो आला,
आईच्या कंदिलासाठी अर्धा लिटर रॉकेल.
अंधारात मी ओतलं, नाणी घेतली, तो पळाला.
मग बोटं पुसायला गेले
तर पुसायला काही नव्हतं.
हात कोरडा. गार.
रॉकेल असतं तर तेलकट राहिला असता.

मावशीला एवढंच म्हणाले: हात कोरडा आहे.
ती चपला न घालता धावली,
बॅटरीसुद्धा न घेता, त्याच्या आईच्या नावानं ओरडत.
मी मागे. केळीच्या बनापाशी पडले, उठले.
बाईनं कंदिलाची काच उतरवली होती,
वात भिजली होती,
काडी पेटीवर टेकवलेली.

कुणी काही बोललं नाही.
मावशीनं कंदील उचलला, अंगणापार नेऊन ठेवला,
परत येऊन बाईची नाणी मोजून दिली.

घरी येताना पहिल्यांदा तिनं बाही सरकवली.
दंडापासून मनगटापर्यंत वितळलेली कातडी.
"भरलेल्या कॅनचं नव्हतं हे," ती म्हणाली.
"त्याला सगळेच भितात.
रिकामा होता. रिकामा आहे म्हणूनच
नवऱ्यानं झाळायला घेतला."

आता टेबल माझं आहे.
देण्याआधी मी दोन बोटं एकमेकांवर घासते,
गिऱ्हाईक समजतं, पैसे मागतेय.
आणि मागच्या रिकाम्या कॅनांजवळून जाताना
अजूनही आवाज खाली येतो माझा,
कुणी झोपलं असावं तसा.