मापाची वही

खडेबाजाराच्या बोळात माझं दुकान.
निंगाप्पा बिर्जे पहिल्यांदा आला
तेव्हा चौकटीला कपाळ आपटून घेतलं त्यानं.
सोळा वर्षांचा, कडोलीचा. वहीत आहे:
पँट, उंची पंचेचाळीस. पोरगं वाढणार.
दुमड जास्त ठेवणे.

दर उन्हाळ्यात ती दुमड उसवत गेलो.
उसवल्या जागी कापडाचा मूळ निळा दिसायचा,
पट्ट्यापट्ट्यांनी.

मग हुबळी, रेल्वेचा संघ.
मग बेंगळूर, बँकेचा.
सुट्टीला आला की पिशवीतून जर्सी काढायचा,
"काका, बगलेत काचतंय."
छातीवर दर दोन-तीन वर्षांनी नवं नाव,
अक्षरं कधी कानडी, कधी इंग्रजी.
मी वाचत नव्हतो.
शिवताना कपडा उलटाच करावा लागतो.

एकही सामना मी बघितला नाही.
लोक सांगायचे, कटकला शेवटचे चार सेकंद उरले होते आणि...
मी म्हणायचो, असेल.
माझ्याकडे एवढंच आहे:
एकोणनव्वद, उजवा खांदा पाऊण इंच खाली.
त्र्याण्णव, डावा गुडघा, घेर अठरा.
उजवा साडेपंधरा.
त्या पँटीला तीन दिवस लागले,
दोन पाय दोन माणसांचे.
त्यापुढं नुसती कंबर. कंबर. कंबर.
खुर्चीवरची नोकरी टेपला लगेच कळते.
एका कोपऱ्यात: पैसे बोनसनंतर.
त्याखाली: आले.

परवा आला. निवृत्तीचा हार
अजून स्कूटरच्या हँडलला.
चौकटीपाशी वाकला, सवयीनं.
एवढं वाकायची गरज नव्हती.
टेप लावला. परत लावला.
"काय बघूलास काका?"
कमरेपासून टाचेपर्यंत पाऊण इंच कमी.
काही नाही म्हणालो, जुनंच माप लिहिलं.
टाचेखाली लोळेल थोडं. लोळू दे.

मग त्यानं नायलॉनच्या दोरीचं बंडल
मशीनवर ठेवलं.
गावच्या शाळेत सात-आठ पोरं येतात खेळायला.
खांबाला लोखंडी कडं आहे, जाळी नाही.
बॉल आतनं गेला की बाहेरनं,
ह्यावरनं रोज भांडणं.
"शिवून दे की."

माप?
"अठरा. आडवं."
मी उगाच चार पानं मागं चाळली.

त्याच्या पानावर जागा उरली नव्हती,
समासात लिहिलं:
कडं, अठरा. दुमड नको.
खालून उघडं ठेवणे.