तीस सेकंद

कंपनीने लिहून दिलंय :
माणसं नकोत, सायकली नकोत, कचऱ्याचा डबा नको.
इमारत एकटी हवी,
जशी ती पहिल्यांदा कागदावर होती.

म्हणून जूनमधल्या पहाटे साडेचारला
काटेन्ड्रेख्तच्या धक्क्यावर मी ट्रायपॉड टेकवते.
मास नदीला ओहोटी. दगडांवर शेवाळाची हिरवी रेघ.
समोर काच, काचेत ढग,
ढगात एक क्रेन, ती माझ्या पाठीमागची.
लेन्स वर सरकवते, चार मिलिमीटर,
आणि मागे कलणारा बावीस मजली डोलारा
गवंड्याने ओळंबा लावावा तसा सरळ होतो.

मग काजळासारखा काळा फिल्टर.
शटर तीस सेकंद उघडं.
तेवढ्यात पाणी लाटा विसरतं.
धावत गेलेली बाई उरत नाही,
तिचा कुत्रा उरत नाही,
वॉटर टॅक्सीची उरते एक पिवळी रेघ, तीही नंतर काढता येते.
हलतं ते पुसलं जातं.
याचेच मला पैसे मिळतात.

पण आर्मिंदो हलत नाही.

उलट्या बादलीवर बसलाय, गळ टाकून,
फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात.
मी हात केला. त्यानेही केला.
जवळ जाऊन म्हटलं, जरा पलीकडे सरकता का?
म्हणाला, मासा इथे आहे.
आणि थर्मासचं झाकण भरून कॉफी पुढे केली.

साओ व्हिसेंते बेटावरून एकोणिसाव्या वर्षी निघाला,
बोटीवर इंजिनाला तेल घालत आला,
आणि उतरला तो इथेच.
या काचेच्या जागी तेव्हा कॉफीचं गोदाम होतं.
मान वर करून त्याने मजले मोजले,
बोटाने, हवेत.
"तिसऱ्यापर्यंत मी पोती चढवलीत.
त्याच्या वरचं मला विचारू नकोस."

पुन्हा तीस सेकंद.
स्क्रीनवर इमारत धारदार, नदी सायीसारखी,
आणि आर्मिंदो नखाएवढा, टोपीच्या शिवणीसकट स्वच्छ.
फक्त काठीचं टोक पुसट.
नेमका तेव्हाच मासा लागला होता.

कंपनीचं उत्तर दुपारी आलं :
सुरेख! डावीकडचा माणूस तेवढा काढा.
काढला. वीस मिनिटं लागली.
पाण्यातला त्याचा लांबट काळा डाग राहू दिला,
का, ते विचारू नका, कंटाळा म्हणा.
आता तो फोटो खालच्या दालनात लागलाय, तीन मीटर रुंद.
एकीने विचारलं, तिथे खांब होता का बोटी बांधायचा?
हो म्हटलं.

न खोडलेली प्रत आर्मिंदोला नेऊन दिली.
हात बादलीत बुचकळून पँटीला पुसले,
फोटो लांब धरून बराच वेळ पाहिला.
स्वतःकडे नाही, इमारतीकडेही नाही.
शेवाळाच्या रेघेवर ओला अंगठा ठेवून म्हणाला,
"ओहोटी होती तेव्हा."