समासातली पेन्सिल

कादंबऱ्यांचं खोकं आलं तेव्हा पंखा बंद होता,
एरंडोलचं दोन वाजताचं ऊन गजांतून थेट दाखलनोंदवहीवर.
मी सुतळी कापली, शिक्के मारत गेले.
७४१२, यादवांचा काळ.
७४१३, थाळनेरचा किल्ला, सुलतान, तापीला पूर.
७४१४, सातपुड्यात कंपनीची पलटण आणि एक रुसलेला नाईक.
७४१५, भुसावळला पहिलं इंजिन.
चारही मुखपृष्ठांवर घोडा,
तोंड कधी डावीकडे, कधी उजवीकडे.
हो, इंजिनाच्या पुस्तकावरसुद्धा.

चौथ्या दिवशी शब्बीर कागदी आले,
सायकल भिंतीला टेकवून, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली.
"नवं काय उनं, बेटी?"
एका वेळी एकच पुस्तक नेतात, आठव्या दिवशी आणून देतात
आणि समासात लिहून ठेवतात,
इतक्या हलक्या हाताने की पान तिरपं धरावं तेव्हा दिसतं.

यादवांच्या पान एकेचाळीसवर शिपाई ठेच्याशी भाकरी खातो.
समासात:
मिरची अजून समुद्रापलीकडे आहे. याला मिरी द्या.

पान नव्वद. दूत कमरेचा कागद काढून राजापुढे धरतो.
ताडपत्र म्हणा, नाहीतर तांब्याचा पत्रा.
आम्ही अजून यायचे आहोत.

थाळनेरात सुलतान खलिता फाडतो.
त्याचा राग पावणेदोन पानं चालतो.
समासात त्याहून लांब:
जुनं तागाचं पोतं, चुना, पाण्यात कुजवणं,
ढेकीखाली कुटणं, नदीवर धुणं,
साच्यावर एक थर, भिंतीवर वाळवण,
मग खळ, मग बायका दगडाने घोटतात, उजवा खांदा उतरेपर्यंत.
फाडा. पण एकदा हात फिरवून बघा.

मी म्हटलं, "चाचा, पुस्तक वाचनालयाचं आहे."
"म्हनून त पेन्सिल," ते म्हणाले. "शाई राहून जाते."

त्यांच्या आजोबांनंतर घरात कोणी कागद केला नाही.
आडनाव उरलं, आणि एक घोटायचा दगड,
सध्या वीजबिलांवर ठेवलेला.
आणि एक ताव. तो त्यांनी मला दाखवला
वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला:
जाडसर, पिवळट, एका कडेला तागाचा धागा उघडा पडलेला.
दोन्ही बाजूंनी कोरा.
"याच्यावर कोणी काही लिहिलं नाही," ते म्हणाले,
"म्हनून वाचला."

मी त्या रात्री बसून समास उतरवून काढले,
चार पुस्तकांचे मिळून अकरा फुलस्केप,
आणि लेखकाच्या पत्त्यावर पाठवले.
पाकिटात तावाच्या कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा.
विचारून घेतला होता. त्यांनी स्वतः फाडून दिला,
आधी हात फिरवून.

उत्तर आलं नाही.
दीड वर्षाने दुसरी आवृत्ती आली, दाखल क्रमांक ७८०३.
घोडा तोच.
पान एकेचाळीसवर शिपायाने मिरी चावली,
मला उगीच आनंद झाला, जशी मीच रांधली होती.

पान नव्वद चाचांनी इथेच उघडलं, उभ्या उभ्या.
दूत कमरेला हात घालतो
आणि काढतो एक कागद,
जाडसर, पिवळट, कडेला तागाचा धागा उघडा पडलेला,
आणि राजा वाचण्याआधी
अंगठा फिरवतो त्याच्यावरून.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
बाहेर कोणी सायकल हलवली, तेही पाहिलं नाही.
मग खिशातली पेन्सिल काढून,
माझ्यासमोर, पहिल्यांदाच माझ्यासमोर,
समासात लिहिलं:

हा आमचा. तीनशे वर्षं लवकर आलाय.
असू द्या.