कटती

सावदा-फैजपूर रस्त्यावर, पंपाच्या अलीकडे
आमचा धर्मकाटा.
बारा वर्षं झाली, मी खिडकीत बसते,
पावत्या फाडते.
भरलेली गाडी, रिकामी गाडी,
मधला फरक म्हणजे केळी.
त्यातून दांड्याची कटती.
उरेल त्याचे पैसे.

माझं आडनाव भारंबे.
शाळेत हजेरी घेताना मास्तर ‘भारं’पाशी थांबायचे,
वर्गाचं हसून होऊ द्यायचे,
मग ‘बे’.

तसं या भागात जड असणं ही तक्रार नाही.
घड पंचवीस किलोचा भरला
तर लोक त्याचा फोटो साडूला पाठवतात.
म्हैस रुंद हवी, कापसाची गाठ घट्ट हवी,
गळ्यातली पोत हाताला लागायला हवी.
सभापतींचं पोट त्यांच्याआधी स्टेजवर चढतं,
त्यांना वजनदार म्हणतात.
त्याच शब्दाला लुगडं नेसवलं
की शिवी होते.

लीलाधरकाकांकडे वरण-बट्टीची पंगत.
काकू बट्टी कुस्करते, तुपाची धार सोडते,
मी हात आडवा धरला तर बोटांवरून ओतते.
नाही म्हणणं म्हणजे त्या घराला नाक मुरडणं.
हात धुवायला उठले की मागून तीच काकू:
‘जेवण पाह्यलं का हिचं?’

परिचय पुस्तिकेत एक रकाना होता, अंगकाठी.
आईनं ‘मध्यम’ लिहिलं,
पेन इतकं दाबून की मागच्या पानावर उमटलं.
भुसावळचे पाहुणे आले, पोहे दुसऱ्यांदा घेतले,
निघताना म्हणाले, मुलगी हुशार आहे हो,
पण आमचा मुलगा जरा नाजूक आहे.
मुलाला मी पाहिलं होतं.
पोटावरचं बटण
दोऱ्याच्या भरवशावर होतं.

मग जळगावला, कान दाखवायला.
डॉक्टरांनी बॅटरी उचललीच नाही.
‘आधी दहा किलो कमी करा.’
‘कुठल्या कानातून?’
हे मला तापीच्या पुलावर सुचलं,
बस निम्म्या वाटेवर आल्यावर.
कान अजून ठणकतो.

सातपुड्यातून खाली आलेली रेवली
डोक्यावर घड घेऊन बांधावरून पळते.
व्यापारी मला ऐकू जाईल असं म्हणतो,
‘पाहा, चवळीची शेंग! काम केलं की अंग असं राहतं.’
रेवली सकाळपासून एका चहावर.
एकदा खिडकीशी येऊन तिनं माझा दंड चाचपला,
हसली नाही,
नुसतं विचारलं,
‘तुमच्यात दोन्ही वेळा शिजतं?’
मला उत्तर देता आलं नाही,
मी तिला डब्यातली भाकरी दिली
आणि दिवसभर स्वतःचाच राग येत राहिला.

तिच्या उपासाला ते शिस्त म्हणतात,
माझ्या खुर्चीला आळस.
खुर्ची मालकाची.
बारा तास माझे.

काल रात्री दिल्लीची शेवटची गाडी गेली.
भज्यावाल्यानं शटर ओढलं.
मी चप्पल काढली (का काढली कोण जाणे,
देवळात काढतो तशी)
आणि काट्यावर जाऊन उभी राहिले.
लोखंड दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट.
लाल आकडे हलले, थांबले:
नव्वद.

घरच्या काट्यावर मी चौऱ्याण्णव.
हा दहा-दहा किलोंनी मोजतो,
साठ टनांचा माणूस आहे तो,
चार किलोंसाठी डोकं लावत नाही.
अख्खं गाव ज्यांचा हिशोब ठेवतं
ते चार किलो
त्याला दिसलेच नाहीत.

मी तिथेच उभी.
खिडकीत स्क्रीन विचारत होता
गाडी नंबर? माल? रिकामं वजन?
तेवढ्यात दोन दिवे वळून अंगावर आले,
ड्रायव्हर काचेतून ओरडला,
‘ओ ताई, उतरता का? गाडी घ्यायचीये.’

‘थांब,’ म्हटलं.
‘वजन चालू आहे.’