उणे ऐंशी

करार झाला त्या दिवशी बाहेर पारा सेहेचाळीसवर
आणि आत, भिंतीला पाठ लावून, नवा फ्रीजर
उणे ऐंशीवर.
डीनसाहेबांनी सही केली, प्रोफेसर हॉल्वरनी केली.
फोटोत मी नाही.
हॉलचा एसी नेमका तेव्हाच बसला,
मी मागे कूलरमध्ये पाणी टाकत होते.

बॅनरवर लिहिलं होतं : क्षमता-बांधणी.
सव्वीस वर्षं या लॅबमध्ये बोटं टोचत आले मी.
मनात म्हटलं, बांधा बाप्पा.

पहिल्या दिवशी पिपेट कसं धरायचं ते शिकवलं.
मी धरलं.
शेजारी ब्लँटायरहून आलेली तडाला, तिनंही धरलं,
चौदा वर्षांपासून धरत होती ती तिकडे.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं
आणि पुन्हा पहिल्यापासून शिकलो,
शहाण्या मुलींसारख्या.

मग कोरचीच्या पोराची स्लाइड आली.
फ्रीजरसाठी त्याला नंबर पडला, चारशे सतरा.
मला आठवतात त्याचे सुजलेले पंजे
आणि सुई पाहूनही न रडणं.
प्रोफेसर म्हणाले, सिकल.
मी म्हटलं, इळा. धान कापायचा.
तडाला म्हणाली, चिक्वाक्वा.
तिघांची बोटं हवेत एकच वळण काढत राहिली.
प्रोफेसरांनी तो फक्त झेंड्यावर पाहिलेला.
खरं सांगते, लाजले ते. चांगला माणूस.

रगत म्हणजे त्यांच्याकडे मगाझी.
हे मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं,
पुढच्या पानांवर त्यांचे प्रोटोकॉल होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात
रात्री अकराला लाइट गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प.
फ्रीजर ओरडायला लागला, उणे अठ्ठ्याहत्तर, उणे पंच्याहत्तर.
मी दाराला हात घातला तर तडालानं मनगट धरलं :
उघडू नको.
काही झालं तरी उघडू नको.
मॅन्युअलमध्ये हे पान नव्हतं,
ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या गावात लाइट जात नाही.
तिच्या गावात रोज जाते.

वॉर्डातून आम्ही लाल ब्लँकेटं आणली, अकरा.
नागपूरच्या जूनमध्ये, घामानं निथळत,
एका लोखंडी कपाटाला
ताप आलेल्या लेकरासारखं गुंडाळलं
आणि पायरीवर बसून राहिलो.
वॉचमन शालिकभाऊ विचारून गेला,
"मॅडम, काहून झाकून राहिल्या याले? थंडी वाजते का?"
तडालाला भाषा कळली नाही, पण हसली सगळ्यात आधी तीच.
पावणेपाचला लाइट आली. ब्लँकेटं काढली.
उणे एकसष्ट.
चारशे सतरा जिथल्या तिथे.
मग तिला तर्री-पोहे खाऊ घातले. डोळ्यांतून पाणी काढलं,
आणि दुसरी प्लेट मागितली.

तीन वर्षं संपली.
पेपर छापून आला, त्यावर एकेचाळीस नावं.
आमच्यासाठी शेवटी एक ओळ,
तांत्रिक साहाय्याबद्दल आभार, नाव नाही.
मी ती ओळ दोनदा वाचली
आणि मशीन सुरू केली, कारण रांग लागली होती.
फ्रीजर इथेच आहे. त्याचा सर्व्हिसवाला
कराराबरोबरच संपला.
हल्ली उणे बासष्टच्या खाली जात नाही तो,
त्याच्या पायथ्याशी ब्लँकेटं घडी घालून ठेवली आहेत.

कधीकधी रात्री फोन उजळतो.
तिथले सात, माझे साडेदहा.
काही लिहिलेलं नसतं, नुसता फोटो,
गुलाबी गोल, गुलाबी गोल,
एकाभोवती तिनं लाल रेघ ओढलेली,
आणि खाली एकच शब्द, माझा :
इळा?

चष्मा शोधते. मोठं करून पाहते.
नाही गं. हा सुकताना पडलेला डाग आहे.
काच धू, परत काढ.
आणि तोवर पोराला पाणी पाज.