अर्जनवीसाची जबानी

न्यायमंदिराच्या फाटकाशी, कडुलिंबाखाली
माझं रेमिंग्टन असायचं, एक स्टूल, एक छत्री.
फरामर्झ यायचा शनिवारी,
सायकल झाडाला टेकवून, खिशात नावं घेऊन.
रसायनशास्त्र शिकायला आलेला पोर.
तिकडे राज्य उलटलं, पासपोर्टाची मुदत सरली,
आणि तो बडोद्यातच राहिला,
रावपुऱ्यात दोन जिने चढून, एका स्टोव्हसोबत.

"आज अकरा," म्हणायचा.
मी टाइप करायचो. जिनिव्हाला, लंडनला, कुठं कुठं.
वय सतरा. वय एकोणीस. शिक्षिका. वय माहीत नाही.
त्या नावांत के इतके लागायचे
की के-ची दांडी झिजली.
अजून लंगडते. परक्यांचे भाडेकरारसुद्धा
माझ्या हातून जरा लंगडतच निघतात.

पैसे घ्यायचो मी. तेही लिहून ठेवतो.
पानामागं आठ आणे, कार्बन वेगळा.

मराठी त्याला आली ती माझ्याकडून, कोर्टाची.
अर्ज म्हटलं की हसायचा: आमचा.
जामीन? आमचा. अरबांकडून उसना, पण आमचा.
फिर्याद, शाई, कागद, दस्तखत...
"पालकरकाका, तुमच्याकडं तुमचं काही आहे की नाही?"
मी म्हटलं, सेव-उसळ.
दोन प्लेटी खाल्ल्या त्यानं, नाक पुसत.

नवरोजला दोन दिवस होते.
दोघं आले. इस्त्रीचे शर्ट, हातात मिठाईचा खोका.
एकानं अदबीनं विचारलं.
मी उठलो. हातातलं काम टाकून उठलो,
सुरसागरच्या कठड्यापर्यंत सोबत गेलो,
बोट केलं: ते औषधाचं दुकान, त्यावर दुसरा मजला,
हिरवी खिडकी. दार जोरात वाजवा, म्हटलं,
स्टोव्ह पेटलेला असला की त्याला ऐकू येत नाही.

पंचनामा रात्री मीच लिहिला. फौजदाराचा कारकून रजेवर,
आणि माझं अक्षर चांगलं.
खून. जखमा चार. शेजाऱ्यांची जबानी. आरोपी फरार.
शब्द उतरला की जिन्यावरून कुणी म्हणायचं:
आमचा.
आमच्या.
आमची.

स्टोव्ह चालूच होता, चहा आटून काळा.
खोका टेबलावर, दोरीची गाठ तशीच.
फौजदारानं कापली.
पेढे होते. खरेच पेढे.

वही मुद्देमालात जमा झाली,
शेवटची सात नावं टाइप व्हायची होती.
पावती आहे माझ्याकडं. वही अजून मागतोय.

पुढच्या शनिवारी यंत्रात कोरा कागद घातला.
नाव त्याचं. वय एकतीस. ठिकाण बडोदे.
खाली एक रकाना असतो, तो दर वेळी तोच भरायचा:
माहिती देणाऱ्याचं नाव.
बराच वेळ हात कळफलकावर ठेवून बसलो.
पक्षकार ताटकळले, एक जण उठून दुसऱ्याकडं गेला.
मग टाइप केलं, सावकाश, एकेक अक्षर:
भानुदास रावजी पालकर.
के तिथंही लंगडला.